आठ नंबर

एकतीस वर्षं मी देवगड बंदरात बावटा चढवतो.
एक, दोन, तीन.
चार एकदाच, तोही तासाभरात उतरवला.
आठचं सामान खालच्या पेटीत,
पेटीवर जाळ्याची गुंडाळी,
गुंडाळीवर मांजर.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. घरी घट मांडलेला.
साहेबांचा फोन आला:
"केळुसकर, तयारीत राहा. रात्री कदाचित आठ."
आठ म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला,
मुलीला स्थळ सुचवताना आणतात तसा.

मी मांजराला उठवलं.
टोपल्यांवरचा काळा रंग पापुद्रे सोडत होता,
(शंकूच ते, आम्ही टोपल्या म्हणतो)
डबा आणून त्यांवर हात मारला.
कप्पीला तेल. दोर नवा, पदरच्या पैशानं.
महिनाअखेरीला मी निवृत्त.
मला बरं वाटत होतं, फार बरं,
आणि हे बायकोलासुद्धा सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारपर्यंत खाडी भरली.
मलपीच्या, वेरावळच्या, तमिळ अक्षरांच्या होड्या,
एकीवरून दुसरीवर पाय टाकत
पलीकडच्या काठाला कोरडं जाता आलं असतं.
इनास तांडेलानं खालून हाक मारली,
"केळुसकरानु, येतलां मां?"
"येतलां!"
इतक्या खात्रीनं मी लग्नालाही होकार दिला नव्हता.

वर मेथर आपल्या कलमांखाली फिरत होते,
नुकता मोहोर धरलेला,
आजाऱ्याच्या खाटेभोवती फिरावं तसे.
बाबल्या पराडकर मात्र गोठ्यावर चढून
कोने सैल करत होता:
"पडाचोच आसा.
वादळात पडलो तर पंचनाम्यात तरी येतलो."

रात्री समुद्र तेल ओतल्यासारखा.
एक झावळी हलली, आम्ही सगळे वळलो.
वटवाघूळ होतं.

ऑफिसात मी, वायरलेस, चहाची किटली,
पोलीसपाटील आणि त्यांचा भाचा.
भाच्याच्या फोनवर लाल-पिवळा भोवरा,
तो बोटानं मोठा करायचा, लहान करायचा.
तीन वाजता तो म्हणाला, "वळलं."
कुठे?
"ओमानकडे."

"वाट चुकलां!" पाटील म्हणाले.
सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.
पानावर वाढून झालं, चित्राहुती घातली,
आणि कुणीतरी येऊन पानच उचलून न्यावं,
तसं काहीतरी.

बाहेर होड्यांमधून माणसं झोपली होती,
एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. घोरणं ऐकू येत होतं.
मला लाज वाटायला हवी होती.
वाटली.
पण आधी ते दुसरं वाटलं, मग ती.

उजाडता उजाडता थंडी पडली.
होड्या एकेक करत सुटल्या,
मागे डिझेलचे रंगीत डाग आणि पिशव्या.
इनासनं जाता जाता पायरीवर चार बांगडे टाकले,
"घेवा, बावट्याचे."
मेथर डोळे मिटून मोहोर हुंगत होते.
बाबल्याचा गोठा उभाच,
फक्त आता आत दव ठिबकत होतं
आणि म्हैस बाबल्याकडे बघत होती.

साहेब म्हणाले, उतरवा. मी तीन उतरवला.
टोपल्या पेटीत ठेवल्या. रंग अजून ओला,
एकमेकींना चिकटल्या.
मांजर आलं, बसलं,
उठून दारापर्यंत काळी पावलं काढत गेलं.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, दोन भाषणं.
"यांच्या काळात आपलं बंदर सुरक्षित राहिलं,"
साहेब म्हणाले, आणि माझा हात हातात घेतला.
अंगठ्याच्या नखाखाली रंग होता.
रॉकेलनं जात नाही तो.
त्यांनी विचारलं, "हे काय लागलंय?"
"घरचं काम काढलंय," मी म्हटलं,
"दरवाजे."