वजा चाळीस

स्टिअरिंगच्या खाली, गुडघा लागतो तिथे,
सोळा भोकांचं एक तोंड असतं.
गाडी घेतल्यापासून नऊ वर्षं
ते माझ्या पायाशी होतं, आणि मी लक्ष दिलं नव्हतं.

आज कोपरखैरण्यात, बिल्डिंगच्या स्टिल्टखाली,
पाय सीटवर, डोकं पेडलजवळ,
छोटा टॉर्च दातांत धरून
भोकं मोजतोय.
चार आणि पाच जमीन.
सोळाव्यात बॅटरी, तिथे हात जपून.
सहा आणि चौदा: बोलणं या दोघांतून चालतं.

वॉचमन पासवान एकदा डोकावून गेला.
दुसऱ्यांदा खुर्चीच घेऊन आला.

मल्टिमीटर साठ ओहम दाखवतो. ठीक.
दोन टोकांना एकशेवीसचे दोन राखणदार,
मधे सगळ्यांच्या गप्पा.
माझ्या बोर्डावरही तसाच एक रोध बसवून आलाय,
तो काढायचा. पाहुण्याने आपला विरोध
चपलांसारखा दाराबाहेर ठेवायचा,
नाहीतर घरच्यांचंच बोलणं विस्कटतं.

तारा दोनच, बोलणारे किती!
इंजिन, ब्रेक, एअरबॅग.
दोघांनी एकदम तोंड उघडलं
तर ज्याचा आकडा लहान तो बोलत राहतो,
मोठ्या आकड्याचा मधेच थांबतो, रुसत नाही,
शांतता झाली की पुन्हा सुरू करतो.
आमच्या सोसायटीची पार्किंगवरची सभा
आठवली. असो.

किल्ली फिरवली. विचारलं. उत्तर नाही.
पाऊण तास उत्तर नाही.
प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं होतं सोळा,
आणि क्रिस्टलवर, भिंगातून पाहिलं तर, आठ.
म्हणजे मी निम्म्या चालीने विचारत होतो,
गाडीच्या कानी ते शब्दच नव्हते.

आठ केलं.
बारा, एकशे अठ्ठावीस, ती म्हणाली.
बाराला दोनशे छप्पनने गुणा, एकशे अठ्ठावीस मिळवा, चाराने भागा.
"काय म्हणते?" पासवानने विचारलं.
मिनिटाला आठशे फेरे.
"ते काय, ऐकू येतंय की."

मग तापमान. ते ती चाळीस वाढवून सांगते.
शून्याखालच्या चाळीस अंशांसाठी
तिने आत जागा राखून ठेवली आहे,
इथे, जिथे जानेवारीतही पंखा दोनवर असतो.
म्हणून येईल त्यातून वजा चाळीस.

हेमांगी रोज हीच गाडी घेऊन तळोज्याला जाते.
मार्चमध्ये म्हणाली होती, सिग्नलला थांबलं
की गोडसर वास येतो, उसाचा रस तापवल्यासारखा.
मी म्हटलं, महाप्याच्या कोपऱ्यावर रसवंती आहे.
बाळाराम मेकॅनिकने पाम बीचवर एक फेरी मारली,
काचा खाली, वारा खात.
काही नाही, म्हणाला, वहिनींना भास होतो.
मी मान हलवली.
तीच मान आता क्लचखाली अवघडली आहे.

नव्वद. शहाण्णव.
इथे पंखा लागायला हवा होता.
एकशे तीन.
पासवानने खुर्ची जरा मागे घेतली.
मग नऊ-सात, तिच्या सोळाच्या हिशेबात;
आपल्या हिशेबात एकशे एक्कावन्न,
वजा चाळीस,
एकशे अकरा.
बॉनेटच्या फटीतून वास आला.
रात्रीचा पाऊण वाजलेला. रसवंती कुठली?

बंद केली. टिकटिक करत
लोखंड बराच वेळ निवत होतं.

वर गेलो. ती जागीच होती.
म्हटलं, गाडीचा पंखा लागत नाहीये,
उभी असली की एकशे अकराला जाते.
"कुणी सांगितलं?"
गाडीने.
तिने कूस बदलली, भिंतीकडे.
"तिचं ऐकायला किती वायरी लागल्या?"

पाच, म्हटलं.
आणि एक रोध काढावा लागला.