गाठी

पहिला रकाना: एका पाहुण्यामागे, एका रात्रीला, किती लिटर.
व्यवस्थापकाने वही न उघडता आकडा सांगितला,
आपलं वय सांगावं तसा, थोडं कमी करून.
मी लिहून घेतला.

सातवा रकाना: स्थानिकांना रोजगार.
त्यात सालमिन धरला. सात महिने वेटर,
उरलेले पाच तो बापाच्या होडीला डांबर लावतो,
जी आता पाण्यात जात नाही.
तक्त्यात तो पूर्ण एक माणूस भरला.

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्याची रुंदी टेपने घेतली.
टेपचं दुसरं टोक झुवेनाने धरलं,
तिला तसंही ओहोटीपर्यंत थांबायचं होतं.
तिच्या शेवाळाच्या ओळी पलीकडे, पाण्याखाली,
मधे आरामखुर्च्या.
"आधी सरळ जायचे," ती म्हणाली.
"आता वळसा. वळसा मोजतोस का?"

वळशाला रकाना नव्हता.

मग तिने घरामागच्या विहिरीवर नेलं,
दोर दाखवला.
वरचे सहा हात काथ्याचे, सासूच्या वेळचे, काळे, गुळगुळीत.
त्याला गाठ मारून निळा नायलॉन:
पहिल्या हॉटेलचा पंप बसला ते वर्ष.
पुढची गाठ दुसऱ्या हॉटेलची.
शेवटी टॉवेल फाडून पिळलेला हातभर तुकडा,
त्यावर सोनेरी धाग्यातलं कुठल्याशा रिसॉर्टचं अर्धं नाव.

मी बादली खाली सोडली.
तळव्यावरून तीन गाठी गेल्या, तीन हिसके,
आणि मग बराच वेळ काहीच नाही.

त्याच पाण्याचा तिने चहा केला.
लवंग टाकली, साखर हात सैल सोडून.
पहिल्या घोटानंतर मी कपाकडे बघत राहिलो.
"सांग, किती खारट?" ती म्हणाली.
"आम्हाला आता कळत नाही रे.
तुझी जीभ नवी आहे."

बॅगेत क्षारता मोजायचं यंत्र होतं,
ते मी काढलं नाही.
"बरंच," म्हणालो.
तिने मान हलवली,
डॉक्टरने आधीच सांगितलेलं पुन्हा ऐकावं तशी.

रात्री माझ्या खोलीत शॉवर सोडला.
गरम, गोडं पाणी, तक्रारीला जागा नाही.
केसांना साबण असतानाच आठवलं,
पहिल्या रकान्यात मला धरलेलं नाही.

तसाच बाहेर आलो,
ओल्या हाताने आकडा खोडला, नवा लिहिला.
कागद तिथे अजून फुगलेला आहे.