अक्रोडाची टरफलं

हमरियाच्या यार्डात, रात्रपाळीला,
देवसहायमने बोटीच्या पोटावर तळवा ठेवला
आणि विचारलं : हिला सोलणार कशानं?

अॅल्युमिनियमची बोट, पातळ पत्र्याची.
नखाने टोकरलं तर वर राखाडी, त्याखाली पांढरा,
त्याहीखाली कुणाच्या तरी हौसेचा पोपटी.

स्टीलचा ग्रिट नको. त्याचे कण रुतून बसतात
आणि जिला गंजच ठाऊक नाही
ती बोट परक्या गंजाने डागाळते.
स्लॅगने पत्र्यावर देवीचे व्रण उठतात.
वाळूला तर बंदीच.
वाळवंटात उभं राहून आम्ही वाळूला हात लावत नाही;
जुन्या मुकादमाच्या छातीत ती अजून
खुळखुळते म्हणे, तिकडे तिरुनेलवेलीला.

मग त्याने कोपऱ्यातलं पोतं उसवलं.
दळलेली टरफलं, अक्रोडाची.
गुलरेज कोपरापर्यंत हात घालून
तसाच उभा राहिला.
“स्वातमध्ये अक्रोड उतरला
की महिनाभर आमची बोटं काळी.
मास्तर हात बघूनच ओळखायचे
कोण झाडावर होतं.”

मला खवणी आठवली, आणि आई :
पांढरं तेवढंच घे रे,
करवंटीला टेकू नकोस, काळं येतं.
इथे उलटंच,
करवंटीनेच खवायचं होतं.

चाळीस पाउंडांवर हवा.
नॉझल तिरकं, हात चालता;
एका जागी रेंगाळलास तर पत्रा पोक काढील.
हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता
आणि पोपटी रंग
उन्हात सोललेल्या पाठीसारखा
पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होता.

तीन वाजता देवसहायमने अंगठा फिरवला.
ओरखडा नाही, खड्डा नाही, छान.
आणि कपाळाला आठी :
“फारच गुळगुळीत झाली.
प्रायमर धरणार कशाला?”

म्हणून पुन्हा एक हात, बारीक गार्नेटचा,
लांबून, घाईघाईत,
झोपलेल्याच्या अंगावर चादर टाकावी तसा.
थोडी खरखर ठेवावीच लागते.
किती, ते कागदावर मायक्रॉनमध्ये लिहिलेलं होतं;
आम्ही अंगठ्यानेच पाहिलं.

पहाटे नळावर
गुलरेजने धुतलेली बोटं दिव्याखाली धरली,
उलटी केली, सुलटी केली.
काळी नव्हती.
बस येईपर्यंत तो बघतच होता.