तीन की साडेचार

ओशिवऱ्याच्या गल्लीत दोघी उभ्या.
एक तीन लिटरची, सहा सिलिंडर,
दुसरी साडेचार, आठ.
रंग तोच काळा, किंमतही जवळजवळ तीच,
कारण मोठीला आता कुणी विचारत नाही,
असं केरसीशेट म्हणतात
आणि बॉनेट आधी मोठीचंच उघडतात.

चावी फिरवली.
लहानी खाकरली, कामाला लागली.
मोठी काही बोललीच नाही,
नुसती थरथरली
माझ्या खिशातली चिल्लर.

मी दातांचा डॉक्टर, मुलुंड पूर्व.
रोजचे सहा किलोमीटर, त्यात अकरा गतिरोधक.
चढण म्हणाल तर तळघरातून वर येणारा रॅम्प.
ऋजुता फोनवर:
"आपल्या पार्किंगचा पाळणा दोनच टन उचलतो,
विचारलंस का वजन?"
नव्हतं विचारलं.

मुस्तकीम मिस्त्री पुठ्ठा अंथरून
दोघींच्या पोटाखाली जाऊन आला.
"बडीवाली तर डांबर सोडून उतरलीच नाही कधी.
नुसती सिग्नलला उभी."
मग लहानीच्या चॅसीवरून नखानं खरवडलेलं
माझ्या तळहातावर ठेवलं:
लाल माती, वाळून खडा झालेली,
आत गवताची एक काडी.
कुठली, कुणी नेली होती,
कागदपत्रांत तसला रकाना नसतो.

"धुऊन देतो ना," केरसीशेट घाईनं म्हणाले.
नको म्हटलं. बयाणा दिला.

परतताना रिक्षात
बोटं खिशात गेली,
आणि मी चिल्लर
उगाच हलवून पाहिली.