मापाडी

मार्केट यार्डात दिवसभर माझ्या काट्यावर
गुळाचे रवे चढतात, उतरतात.
अडत्या ओरडतो, हमाल घाम पुसतो,
मी आकडा सांगतो
आणि कुणी वाद घालत नाही.
बावीस वर्षांत एकदाही नाही.

घरी दुसरा काटा आहे, तळहाताएवढा,
डॉक्टरीणबाईंनी आणायला लावलेला.
त्यावर सत्यजितची भाकरी. चाळीस ग्रॅम.
तिथं मात्र रोज वाद.
"आप्पा, काटा खोटा हाय तुमचा."

जन्मला तेव्हा रडलासुद्धा नव्हता.
ओल्या फडक्यासारखा खांद्यावर पडून राहायचा,
ओढायची ताकद नाही,
कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं तीन महिने.
हिनं टेंबलाईला साकडं घातलं,
बाई, ह्याला भूक दे.

पंधराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा नाही म्हणे.
केवढा तुकडा, मी विचारलं.
मापाड्याचा प्रश्न.
बाई म्हणाल्या, कुठल्याच काट्यावर येणार नाही एवढा.
पोट भरल्याची खबर त्याच्या डोक्यात पोचतच नाही.

आता चौदाचा आहे. वजन एक्क्याण्णव.
साखर तीनशेच्या घरात,
झोपेत श्वास अडकतो
तेव्हा आम्ही दोघं अंधारात मोजत बसतो.
फडताळाला कुलूप, फ्रिजला साखळी,
किल्ली हिच्या मंगळसूत्रात.
भावकीच्या जेवणाला जात नाही,
रश्श्याचा वास गल्लीभर सुटला की खिडक्या लावतो.
लोक म्हणतात, पोराला उपाशी मारत्यात.

गेल्या महिन्यात सापडला तो
चौगुल्यांच्या गोठ्यात,
भिजत घातलेली पेंड खात.
म्हैस त्याला जागा देऊन
जरा बाजूला सरकून उभी होती.

संध्याकाळी यार्डातल्या नळावर
मी साबणानं हात धुतो, दोनदा,
शर्ट बदलून घरी येतो.
तरी तो माझी बोटं धरतो, नखांशी नाक नेतो.
"आज भुदरगडचा माल हुता.
एक घाणा करपल्याला."
बरोबर असतं. दर वेळी बरोबर.
अडत्यांना सांगावंसं वाटतं, सांगत नाही.

मग मी भाकरी काट्यावर ठेवतो.
तो आकड्याकडे बघत नाही,
माझ्या अंगठ्याकडे बघतो,
काट्यापासून चार बोटं लांब
धरून ठेवलेल्या.