सतरा नंबरचा फॉर्म

लाइट गेली तशी आचल म्हणाली, माय, आता तोंडी घेतो.
मी तांदूळ निवडत होते, उद्याच्या शाळेच्या खिचडीचा,
चौऱ्याण्णव पोरांचा.
अंधारात खडा बोटाला आधी कळतो.

संतुलित समीकरण म्हणजे?
डावीकडे जेवढे अणू, उजवीकडे तेवढेच.
हरवत कोणी नाही, नवं कोणी येत नाही,
कोण कोणाचा हात धरतो
तेवढं बदलते.
हे पुस्तकात नाई, आचल म्हणते.
नाई. पण चूक आहे का?

दर्शक सांग.
लिटमस, आणि हळद.
पदराला लागलेली हळद, वरून साबणाची वडी फिरवली
की डाग लाल.
निष्कर्ष: साबण आम्लारिधर्मी.
अकरा वर्षं हा प्रयोग मी मोरीपाशी करते आहे,
निरीक्षणाची वही कोणी मागितली नाही.

मागच्या खेपेला, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी,
विज्ञानात सव्वीस पडले होते.
तेव्हाच्या पुस्तकात नववा ग्रह होता, प्लूटो,
लहानसा, सगळ्यात लांब, सगळ्यात थंड.
आम्ही दोघंही नंतर यादीतून गेलो.
अजून ग्रह मोजताना माझी नऊ बोटं उघडतात,
आचल त्यातलं एक मिटवते.

अन्नसाखळी.
गवत, चितळ, वाघ.
दर पायरीला दहा टक्केच ऊर्जा वर जाते.
म्हणून गवत उदंड आणि वाघ थोडे,
पण थोडे म्हणजे नाहीत असं नाही.
गार्ड सांगून गेला: मागून पाहिलं तर
वाकलेली बाई अन् चितळ सारखंच दिसते,
मोहफूल वेचताना मोठ्यानं बोलत राहा.
मी काय बोलू एकटी?
पहिली वीस मूलद्रव्यं म्हणते.
हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम…
क्लोरिन, अरगॉनला अडखळते, पुन्हा पहिल्यापासून.
कॅल्शियमपर्यंत टोपली भरत नाही,
पण झाडीतून अजून तरी
कोणी चूक काढलेली नाही.

मुक्तिवेग?
अकरा पूर्णांक दोन किलोमीटर. एका सेकंदात.
ब्रह्मपुरीचं केंद्र चोवीस किलोमीटर,
म्हणजे दोन सेकंद आणि वर जरासं.
यष्टीला सव्वा तास लागतो, सकाळी एकच आहे,
आणि त्या दिवशी खिचडी कोण टाकणार
ते अजून ठरलं नाही.
मुक्ती हा शब्द या धड्यात कोणी आणून ठेवला गा?
आचल म्हणते, माय, पुढचं.
पुढचं काय. ज्याला तेवढा वेग जमला नाही
ते माघारी पडते.
नानाजीच्या बांधीत नाही का ते कडं पडलं,
आभाळातून, रात्री, बैलगाडीच्या धावेएवढं.
सकाळी त्यावर कुंकू होतं, लिंबू होतं,
मी हळूच सराटा वाजवून पाहिला,
आवाज आपल्याच गंजासारखा.
पोलीस ट्रॅक्टरवर टाकून घेऊन गेले.
त्या हंगामात तिथं धान आलं नाही,
हिरव्या बांधीत एक रिकामा गोल.

लाइट आली. आचलनं पुस्तक मिटलं नाही.
शेवटचा, एका गुणाचा:
विघटकाचं उदाहरण लिही.

मला दिसलं पावसाळ्यातलं वारूळ,
त्यावर रातोरात उठलेल्या सात्या,
पांढऱ्या, छत्रीसारख्या, हाताला गार,
कुजलेल्याचं जेवण करणाऱ्या
आणि मग आमचं जेवण होणाऱ्या.

सात्या, मी म्हटलं.
आचल म्हणाली, कवक लिही. पुस्तकात कवक आहे.
पेपर कुठं जाते तपासाले?
माहीत नाई. लांब.
तिथं सात्या उगवतात का?

ती बराच वेळ उत्तरपुस्तिका चाळत राहिली.
मी निवडलेल्या तांदळात
पुन्हा एकदा हात घातला.