कोणाशी बोलणार

गेल्या मार्चात प्रणीलची जीप खाडीच्या तोंडाशी रुतली.
भरतीला दीड तास होता
आणि फोनवर एकही दांडी नव्हती.
मी करवंदीतून वाट काढत वाडीवर गेले.
माणसं, दोर, फळ्या घेऊन परत आले तोवर
पाणी दरवाज्याच्या मुठीला टेकलेलं.
जीप वाचली. सीटला अजून मचूळ वास येतो.

मग पुस्तक मागवलं.
ओहमचा नियम दहावीनंतर पहिल्यांदा भेटला,
ओळख दोघांनीही दाखवली नाही.
पिकअपच्या काचेला कागद चिकटवून
आंब्याच्या पेट्या नेताना, चढावावर, पहिल्या गिअरमध्ये
सर्किटं पाठ केली.

राजिवड्याचे होडेकरचाचा सव्वीस वर्षं
जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. आता दोन पायऱ्यांना दम लागतो.
ओटीवर बसून शिकवायचे.
अल्फा, ब्राव्हो माझ्या जिभेवर बसेनात
म्हणून मी आपली केली: ए आंब्याचा, बी बांगड्याचा,
डी डोलकाठीचा.
चाचा म्हणाले, बंदरावर चालेल गो,
हवेत अल्फाच.

चौकशीला हवालदार घडशी आले.
फोन असताना हे कशाला?
म्हटलं, फोन नसतो तिथे.
मग कोणाशी बोलणार?
ते मला सांगता येईना.
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. चहा नको म्हणाले.

गोव्याला जाऊन परीक्षा दिली. नंतर बरेच महिने
पोस्टमन दिसला की मी उगाच अंगण झाडायची.
शेवटी आलं:
व्ही यू थ्री, आणि पुढे तीन अक्षरं.
सुगंधा नावाच्या बायका तालुक्यात अकरा तरी असतील.
ही अक्षरं जगात दुसऱ्या कोणाची नाहीत.

सेट जुनाच, कोल्हापूरच्या एका हॅमकडचा,
बटणावरचे आकडे त्याच्या बोटांनी पुसलेले.
जीपचं टप कापडी, चुंबक चिकटणार कुठे?
मडगार्डला भोक पाडलं, तेव्हा प्रणीलने तोंड फिरवलं.
काठी अर्ध्या मीटरला जरा कमी.
लाट दोन मीटरची, तिचा चौथा हिस्सा, चाचा म्हणाले.
मी समुद्राकडे बघितलं.
ती नव्हे, म्हणाले.
दोन्ही वायरी थेट बॅटरीवर, दोन्हींना फ्यूज.
इंजिन चालू केलं की सेटमध्ये एक डास गुणगुणतो,
रेस दिली की मोठा होतो.
तो अजून सापडलेला नाही.

रविवारी सड्यावर गेले.
वाट अशी नाहीच. जांभ्यावर टायरचे काळे डाग असतात
ते धरून जायचं, ओढ्याशी फोर बाय फोर टाकायचं,
आणि वर कातळात कोरलेला मासा आहे
तिथे थांबायचं, लांबच.
चाक पडू नये म्हणून कोणीतरी भोवती दगड मांडलेत.
तो कोणी कोरला, कोणासाठी,
शाळेतल्या मास्तरांनाही माहीत नाही.

इंजिन बंद. डास गप्प.
सी क्यू, सी क्यू, सी क्यू.
म्हणजे: कोणीही असा, ऐकत असाल तर.
तव्यावर खडेमीठ टाकावं तशी तडतड,
आणि तिच्यातून चाचा. आधी माझी अक्षरं, मग त्यांची.
ओटीवरचा दम नाही, आवाज तिशीतला.
पाच-नऊ, म्हणाले. ओव्हर.

आता काय बोलायचं?
आंब्याचा दर विचारायचा नाही, धंदा नियमात बसत नाही.
जीप रुतलेली नव्हती. भरती कुठेतरी खाली.
बटण दाबून मी नुसती उभी,
माझा श्वासच गेला असेल राजिवड्यापर्यंत.
बोट सोडलं.

मग पुन्हा अक्षरं, रीतसर, माझी आणि त्यांची,
आणि चाचांनी विचारलं:
जेवलीस काय?

नाही अजून. डब्यात भाकरी आणि सुकी चटणी. ओव्हर.
कसली?
जवळ्याची.
तडतड वाढली. सिग्नल पडतोय, म्हणाले, पुन्हा सांग.
मी काठीकडे बघत सावकाश सांगितलं:
ज्युलिएट, अल्फा, व्हिस्की, अल्फा,
लिमा, अल्फा.